अठराव्या वाढदिवसानंतरचे दान

एखाद्या उद्योजक घराण्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेला काही कोटी दिल्याची बातमी आली की मुंबईत ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हे कर वाचवण्याचे आणि भिंतीवर नाव कोरून घेण्याचे उद्योग. काम सरकारचे आहे, ते शेठजींच्या मर्जीवर का चालावे? दुसरी बाजू म्हणते, देणाऱ्याचा हात धरू नका, निदान कोणीतरी देते आहे. दोन्ही बाजू देणाऱ्याच्या मनात डोकावण्यात इतक्या रमतात की पैसा कशावर खर्च होणार आणि तो किती वर्षे पुरणार, हे विचारायचे राहूनच जाते. माझे म्हणणे असे की या क्षेत्रात घराण्यांचे दान हवेच. सरकारजवळ आणि कंपन्यांजवळ नसलेली एक गोष्ट त्यांच्याजवळ आहे, ती म्हणजे पिढ्यांची सबुरी. पण ही सबुरी नको तिथे खर्ची पडते. दानाची नजर लहान मुलांवर खिळलेली असते. इमारत, उपचारकक्ष, शाळेची बस. माणूस अठरा वर्षांचा झाला की देणारे पांगतात, आणि तो माणूस मात्र पुढे आणखी तीस-चाळीस वर्षे जगतो.

आपली भाषाही याच गैरसमजाला खतपाणी घालते. 'मतिमंद' शब्द गेला हे बरे झाले, पण त्याच्या जागी जे 'विशेष मूल' आले, ते केस पांढरे झाले तरी मूलच राहते. पंचेचाळिशीच्या माणसाला मूल म्हटले की त्याच्यासाठी खेळणी आणि खाऊ सुचतो. पगार, खोली, दाराची किल्ली सुचत नाही.

शिवडीच्या जय वकील शाळेचा इतिहास या वादात दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला कोणतीच शाळा घेईना, म्हणून वकील आडनावाच्या दांपत्याने १९४४ मध्ये स्वतःच शाळा सुरू केली. सरकारच्या पुष्कळ आधी एका कुटुंबाने केलेले हे काम निर्विवाद थोर आहे. पण त्यातून आज जो धडा काढला जातो तो चुकीचा आहे. त्या काळी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे सरासरी आयुर्मान जगभर दहा-बारा वर्षांच्या घरात होते. यांतल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तेव्हा ना ती शस्त्रक्रिया होती, ना न्युमोनियावर सहज मिळणारे प्रतिजैविक. म्हणजे १९४४ मध्ये शाळा काढणे ही बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या आयुष्याचीच सोय होती. आज चांगले उपचार मिळाले तर हीच माणसे पन्नाशी-साठी गाठतात, आईवडिलांच्या मागे उरतात. चाळिशीनंतर त्यांच्यात विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा बऱ्याच लवकर दिसू लागतो, थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी लागते, कालपर्यंत जमणारी कामे सुटत जातात. त्या दांपत्याच्या वाटेने खरेच जायचे असेल तर आज शाळेपाशी थांबून कसे चालेल?

आता सरकारच्या जबाबदारीचा मुद्दा, जो विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि समाजात राहण्याचा हक्कही स्वतंत्र कलमात लिहिला. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेखाली देशभर सुमारे १५ लाख माणसांची नोंद झाली. इतक्यांना कोणती घराणी पुरी पडणार? शिवाय दानाने हक्काची कृपा होते. कृपा मागावी लागते, आणि मागणाऱ्याला वार्षिकोत्सवात देणगीदारांसमोर नाचावे लागते. हे सगळे खरे आहे आणि त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही.

पण याच कायद्याचे कलम नीट वाचा. बंधन सर्वांत नेमके कुठे आहे? सहा ते अठरा. तिथे न्यायालयात जाता येते, शाळेचे अनुदान मागता येते. अठरानंतर हक्क आहे, पण तो कोणत्या घरात, कोणत्या पगारावर, कोणाच्या देखरेखीत पुरा व्हायचा, याचे यंत्र तयार नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही प्रौढांच्या आजन्म निवासाची योजना कागदावर आहे, पण ती चालवायची नोंदणीकृत संस्थांनीच. कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) तर स्वभावानेच उतावळा. 'चालू प्रकल्प' म्हटला तरी सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपायचा. तिशीतल्या माणसाच्या घराला 'प्रकल्प' कसे म्हणायचे? तो आटोपणार कधी? तेव्हा सरकार की घराणे, हा प्रश्नच फसवा आहे. जिथे सरकार आधीच बांधील आहे तिथे घराण्याने पैसा ओतला तर सरकारला सुटका मिळते. जिथे नमुनाच नाही तिथे घराण्याने तो उभा केला तर सरकारला उद्या टाळाटाळीचे निमित्त उरत नाही.

आणि खासगी दानातून नेहमी कृपाच जन्मते असेही नाही. माहीमचा कॉजवे आठवा. खाडीवर रस्ता बांधायला सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये रस्ता पुरा झाला. पैशांइतकीच मोलाची होती त्यामागची अट: येणाऱ्याजाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. त्या एका अटीने दानाचा सार्वजनिक हक्क झाला. पलीकडे जाणाऱ्या कोळणीला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. प्रौढांच्या निवासाला देणगी देताना अशी अट कोण घालते? 'राहणाऱ्यांना देणगीदारांच्या कार्यक्रमांत उभे करायचे नाही, त्यांची छायाचित्रे पत्रकांत छापायची नाहीत' एवढी ओळ देणगीपत्रात घालायला पैसा लागत नाही.

नामफलकाबद्दलचा राग मला फारसा पटत नाही. नाव कोरू द्या की. याच शहरात धनिकांनी आपल्या माणसांच्या स्मरणार्थ दगडी पाणपोया बांधल्या. १८७६ ची केशवजी नायक यांची मस्जिद बंदर भागातली, १८९४ मध्ये रतनसी मुळजी जेठा यांनी मुलाच्या आठवणीसाठी फोर्टात उभारलेली. कोरीव काम देखणे, नावे अजून वाचता येतात. अशा कितीतरी पाणपोयांचे पाणी मात्र आटले. काहींची अलीकडे डागडुजी झाली, तीही वारसावास्तू म्हणून. दगडाची तरतूद झाली होती. नळजोडणी, सफाई आणि माणूस यांची कायमची तरतूद झाली नव्हती. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात दगड दुय्यम आणि माणूस हेच साधन, म्हणून इथे हा दोष जीवघेणा ठरतो.

हिशेबच मांडू. पाच-सहा प्रौढांच्या एका घरात चोवीस तास किमान एक मदतनीस हवा. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे कामाचे तास ४८. म्हणजे एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसे. रजा, आजारपण, गावची जत्रा धरली तर चार. सकाळी सहा ते नऊ अंघोळ, दाढी, नाश्ता, गोळ्या आणि बाहेर पडण्याची गडबड असते, तेव्हा दोघे लागतात, संध्याकाळीही तेच. स्वयंपाक आणि देखरेख धरून सहा पगार झाले. सरासरी वीस हजार धरा: १ लाख २० हजार. किराणा, औषधे, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, डॉक्टर यांसाठी ८० हजार. महिन्याला दोन लाख, वर्षाला २४ लाख. यात घरभाडे नाही, कारण जागा दान मिळाली असे आपण धरले. सात टक्के व्याजाने २४ लाख यायला सुमारे ३ कोटी ४३ लाखांचा कायम निधी लागेल, आणि तोही फक्त पहिल्या वर्षापुरता पुरेसा. 'आम्ही दादरची सदनिका दिली, आता चालवा' असे म्हणणाऱ्याने फार तर अर्धे घर दिलेले असते.

पुढची मेख करकायद्यात आहे. सार्वजनिक धर्मादाय न्यासाने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करावे लागतात. जास्त शिल्लक ठेवायची तर नेमका हेतू कळवून, पाच वर्षांच्या मुदतीनेच. एक कोटीवर सात लाख व्याज आले तर ५ लाख ९५ हजार खर्च, आणि मुद्दलात भर पडणार फार तर १ लाख ५ हजारांची. निधी वाढतो एक टक्क्याने आणि महागाई समजा सहाने. पंधरा वर्षांच्या आत त्या निधीची खरी किंमत निम्मी होते. त्याहून बाळबोध चूक म्हणजे देणगीपत्रात 'कायम निधीसाठी' असे स्पष्ट न लिहिणे. मग ती रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न ठरते आणि ३१ मार्चपूर्वी ती कुठेतरी लावण्याची धावपळ सुरू होते. नको असलेले संगणक अशाच मार्च महिन्यांत विकत घेतले जातात. म्हणून ज्या घराण्याला खरोखर काही टिकवायचे आहे त्याने एकरकमी कोटीच्या धनादेशापेक्षा पगाराची वार्षिक हमी द्यावी, दरवर्षी ठरावीक टक्के वाढणारी, दहा वर्षांच्या करारावर. फोटोत धनादेश मोठा दिसतो हे खरे. पण शिक्षिका आणि मदतनीस वर्षा-दीड वर्षाने सोडून जातात त्या पगारापायी, आणि नवे माणूस आले की ज्याला बोलता येत नाही त्याची भूक, त्याचे दुखणे, त्याची भीती ओळखायला त्याने पहिल्यापासून शिकायचे असते.

निवासाच्या कल्पनेवर आणखी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो नीट ऐकायला हवा. या माणसांना वेगळ्या इमारतीत ठेवणे म्हणजे नजरेआड करणे, असे दिव्यांग हक्कांसाठी लढणारे म्हणतात. १८३४ मध्ये मुंबईत सर जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. निरुपयोगी झालेल्या जनावरांना चारापाणी मिळावे, कोणी मारू नये. प्राण्यांसाठी तो दयेचा उत्तम नमुना होता. तोच नमुना माणसांना लावला की काय होते? खायला मिळते, मार बसत नाही, आणि इच्छा कोणी विचारत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारमान्य वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय दिले? स्वच्छता, सोय, त्यांचे हित. ते करणारे कोणी खलनायक नव्हते, 'भले करणारे' होते, हेच त्यातले भयंकर. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या खटल्यात, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असे सांगितले.

म्हणजे निवास नकोतच? अशा निष्कर्षाला पोचणाऱ्यांना सत्तरीच्या आईने विचारलेला 'आमच्या मागे काय?' हा प्रश्न ऐकू येत नाही. घरात ठेवणे हे आपोआप समाजात राहणे होत नाही. चाळीतल्या खोलीत दिवसभर टीव्हीपुढे बसवलेला माणूसही कोंडलेलाच असतो. फरक भिंतींपेक्षा आकाराने, जागेने आणि किल्लीने पडतो. शंभर खाटांच्या संस्थेत जेवणाची वेळ स्वयंपाकघर ठरवते, सहा जणांच्या सदनिकेत भाजी कोणती हे विचारता येते. बदलापूरची 'आधार' ही संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. ती मोठी आहे, शहराबाहेर आहे, पण तिथे पालक ग्राहक नसून मालक आहेत, आणि हा फरक लहान नाही. मुंबईतल्या वस्तीत लहान घरे निघाली तर अधिक चांगले. तिथे अडचण येते ती सोसायटीची. 'आमच्या लहान मुलांना भीती वाटेल' पासून 'हा व्यावसायिक वापर आहे' पर्यंत हरकती निघतात. सदनिकेचे हयातीत बक्षीसपत्र केले तर मुद्रांक शुल्क भरावे लागते, मृत्युपत्राने दिले तर ते लागत नाही. न्यासाच्या नावावर एकदा मालमत्ता आली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा चौथ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली सदनिका देऊ नका. आज तिशीत जिने चढणारे पंचावन्नाव्या वर्षी चढू शकणार नाहीत, आणि तेव्हा जागा बदलायला वर्षे जातील.

कामाच्या बाबतीत तर दानाने नुकसानही केले आहे. पणत्या, राख्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या: संरक्षित कार्यशाळा म्हटली की हेच. कंपन्या दिवाळीला पणत्यांची घाऊक मागणी देतात, ऑक्टोबरात हात पुरत नाहीत, डिसेंबरात हातांना काम नसते. वस्तू दयेपोटी घेतली जाते, म्हणून तिच्या दर्जाबद्दल कोणी तक्रारही करत नाही, आणि तक्रार नसेल तर सुधारणार काय? याउलट बौद्धिक अक्षमता असलेली माणसे जिथे काम करतात त्या जुहूच्या कॅफे अर्पणसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक रोज येते, गार कॉफी परत पाठवते. ते शिकवणे शक्य आहे, पण त्याची कृती ठाऊक हवी. काम लहान टप्प्यांत फोडायचे; टेबल पुसणे म्हणजे कप उचलणे, फडका पिळणे, डावीकडून उजवीकडे पुसणे, कडा, खुर्ची सरकवणे. एका वेळी एकच टप्पा नवा. ज्याला मोजता येत नाही त्याला दहा खाचांचा ट्रे द्यायचा. खाचा भरल्या की दहा पाकिटे झाली. सोबत एक प्रशिक्षक, पहिले काही आठवडे पूर्ण वेळ, मग अर्धा वेळ, मग आठवड्यातून एक फेरी. घाई करून त्याला लवकर काढले की तिसऱ्या महिन्यात नोकरी सुटते, आणि दोष कामगारावर येतो. या प्रशिक्षकाचा पगार देणारा देणगीदार मिळत नाही, कारण त्याच्या कामाचे यश म्हणजे त्याचे तिथे नसणे. उद्घाटन कशाचे करायचे?

यंत्रणाही परावलंबनच गृहीत धरतात. रेल्वेची सवलत बौद्धिक अक्षमता असलेल्या 'सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या' व्यक्तीला आहे. म्हणजे कोणी सहा महिने खपून एखाद्याला गोरेगाव ते चर्चगेट एकट्याने जायला शिकवले, तर सवलतीचा आधारच डळमळतो. असे नियम बदलून घेण्यासाठी वकील लावणे हेही दानच आहे.

पालकत्वाच्या कागदांचे काम तर कोणालाच दान वाटत नाही. मूल अठराचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीवर कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. 'सदनिका थोरल्याला, त्याने धाकटीला सांभाळावे अशी इच्छा' असे मृत्युपत्रात लिहिले की ती इच्छाच उरते. धाकटीसाठी वेगळा खासगी न्यास हवा, आणि त्यासोबत एक वही: फिटची गोळी किती मिलिग्रॅमची आणि कधी, कशाची भीती वाटते, कोणत्या रंगाचे कपडे अंगाला लावून घेत नाही, रागावली की काय करायचे. एखाद्या घराण्याने फक्त शंभर कुटुंबांचे हे कागद करून देण्याचा खर्च उचलला, तर एका इमारतीच्या खर्चाच्या किरकोळ अंशात ते होईल.

राहिला शेवटचा, आणि मला स्वतःला सर्वांत छळणारा आक्षेप. पिढ्यांची सबुरी म्हणता, पण जिच्यासाठी दान सुरू झाले त्या आत्याची तिसऱ्या पिढीला आठवणच नसेल तर? ती पिढी परदेशी असते, विश्वस्त मंडळाची गणपूर्ती होत नाही, विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल होत नाहीत. सबुरी रक्तातून येत नाही हे मान्यच. ती न्यासपत्रातून आणावी लागते. जुनी न्यासपत्रे 'बालकांच्या शिक्षणासाठी' असे लिहून बसली आहेत. त्या एका शब्दामुळे तीच बालके चाळिशीची झाल्यावर त्यांच्यावर खर्च करता येत नाही, आणि योजना बदलून घ्यायला वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. नव्या पत्रात 'कोणत्याही वयाच्या व्यक्ती' असे लिहावे. विश्वस्तांत कुटुंबाचे बहुमत नसावे, पालकांच्या दोन जागा असाव्यात. आणि जिच्यासाठी हे चालले आहे अशा एका प्रौढ व्यक्तीला, कायद्याने विश्वस्त होण्यात अडचण आली तर निदान कायम निमंत्रित म्हणून, प्रत्येक सभेला बोलवावे. विषयपत्रिका चित्रांसह एका पानावर, सभा सकाळी. तिला ताळेबंद काय कळणार, असे कोणी विचारेल. तो निम्म्या विश्वस्तांनाही कळत नाही, त्यासाठी सीए असतो. रात्री मदतनीस खरेच जागा असतो का, हे मात्र सीएला विचारून समजत नाही.